थर्मल प्रिंटरवर कोड १२८ छापतच नाहीये, यादीत तर सपोर्ट आहे असं लिहिलंय

निळीशाई:
नमस्कार मंडळी, दोन दिवस डोकं खाऊन झालं, आता इथे विचारते. ५८ मिमीचा थर्मल रिसीट प्रिंटर आहे, एस्क-पॉस कमांडवाला (रिसीट प्रिंटरची नेहमीची कमांडभाषा), यूएसबीने जोडलाय. बिलाच्या खाली बिल नंबरचा बारकोड हवाय, म्हणजे माल परत आला की बिल स्कॅन करायचं आणि एंट्री थेट उघडायची, नंबर टाइप करायला नको. बिल नंबर १२ अक्षरी, आधी इंग्रजी कॅपिटल आर आणि मग ११ आकडे. प्रिंटरच्या माहितीपत्रकात बारकोडची लांबलचक यादी दिलीय, यूपीसी-ए, यूपीसी-ई, ईएएन-१३, ईएएन-८, कोड ३९, आयटीएफ, कोडाबार, कोड ९३, कोड १२८, आणि वर क्यूआर पण. सोबत आलेल्या सॅम्पल प्रोग्रॅममधला ईएएन-१३ पहिल्या फटक्यात छापला, स्कॅन पण झाला. मग मॅन्युअल बघून कोड १२८ साठी माझं स्वतःचं फंक्शन लिहिलं तर बारकोडच्या जागी एक विचित्र अक्षर येतं, ओ वर तिरपी रेघ असलेलं, त्याच्यापुढे {बी आणि मग माझा बिल नंबर साध्या अक्षरांत. पट्ट्या एकही नाही. प्रश्न असा की यादीत फॉरमॅट लिहिलाय म्हणजे नक्की काय समजायचं? की नुसतं खोक्यावर छापायला लिहितात? आणि माझ्या कामाला कुठला फॉरमॅट बरा?

चिकटपट्टी:
भाऊ, ही नक्कल कमांडवाली मशीनं असतात ना त्यांचं असंच असतं. यादी मूळ मॅन्युअलवरून उचललेली असते, आतल्या फर्मवेअरमध्ये (मशीनच्या आतला प्रोग्रॅम) अर्ध्या गोष्टी नसतात. कमांड कळली नाही की प्रिंटर डेटा सरळ अक्षरं समजून छापतो, तुमच्याकडे तेच झालंय. क्यूआर लावा आणि विषय संपवा, आजकाल एकपट्टी बारकोड कोण वापरतं.

निळीशाई:
ताई आहे, पण असू दे. क्यूआरचा विचार केला होता, पण काउंटरवरचा स्कॅनर साधा लाल रेघेचा लेझर आहे. तो क्यूआर वाचत नाही, त्याला कॅमेरावाला स्कॅनर लागतो. एका बारकोडसाठी स्कॅनर बदलायचा नाहीये.

जुनंहेड:
चिकटपट्टी म्हणतोय तसं होऊ शकतं पण आधी खात्री करा, अंदाजावर प्रिंटर बाद करू नका. प्रिंटर बंद करा, फीडचं बटण दाबून धरा आणि तसंच धरून चालू करा, बहुतेक मशीनवर सेल्फ टेस्टची पट्टी निघते. त्यात फर्मवेअर, कोड पेज (कुठल्या आकड्याला कुठलं अक्षर छापायचं तो तक्ता) आणि बऱ्याचदा बारकोडचे नमुने पण छापलेले असतात. नमुना छापला म्हणजे फर्मवेअरला तो फॉरमॅट काढता येतो, मग गडबड आपल्या बाजूची. माहितीपत्रकापेक्षा ही पट्टी खरी.

आणि फॉरमॅट कुठला हे विचारलंत तर, तुमच्या नंबरात अक्षर आहे तिथेच अर्धी यादी गळाली. यूपीसी आणि ईएएन दोन्ही फक्त आकड्यांचे आणि आकडे पण ठरलेले तेवढेच, १३ म्हणजे १३, त्यातला शेवटचा चेक डिजिट (नंबर बरोबर वाचला का ते तपासायचा आकडा), बारा पाठवले की तेरावा प्रिंटर स्वतः काढतो. शिवाय ते मालाच्या ओळखीचे नंबर आहेत, बिल नंबर त्यात कोंबला आणि उद्या एखाद्या डब्याच्या नंबराशी जुळला तर बसा निस्तरत. (अगदीच आकडे वापरायचे असतील तर २० ते २९ ने सुरू होणारे नंबर आतल्या वापरासाठी मोकळे ठेवलेले आहेत, पण ते तुमचं काम नाही.) आयटीएफ पण आकड्यांचा, तेही सम संख्येत, आणि त्याची एक खोड आहे, स्कॅनरची रेघ तिरकी जाऊन अर्धाच कोड वाचला तरी तो कधीकधी पूर्ण समजून छोटा नंबर देऊन मोकळा होतो. बिलासाठी मी कधीच वापरणार नाही. कोडाबारमध्ये आकडे आणि थोडी चिन्हं, सुरुवात-शेवटाला ए ते डी मधलं एक अक्षर, बाकी अक्षरं नाहीत. राहिले कोड ३९, कोड ९३ आणि कोड १२८.

कोड ३९ छापायला सगळ्यात सोपा, कॅपिटल अक्षरं, आकडे आणि सातएक चिन्हं, चेक डिजिटची सक्ती नाही, जवळपास सगळे स्कॅनर वाचतात. पण पसरट आहे फार. ५८ मिमीच्या कागदावर छपाईची जागा साधारण ४८ मिमी, २०३ डीपीआय म्हणजे मिमीला ८ ठिपके, म्हणून एका ओळीत ३८४ ठिपके. जाड पट्टी बारीकच्या तिप्पट धरली तर कोड ३९ च्या एका अक्षराला मधल्या फटीसकट १६ घरं (घर म्हणजे सगळ्यात बारीक पट्टीची रुंदी) लागतात, तुमची १२ अक्षरं आणि दोन्ही टोकांचे तारे मिळून १४, म्हणजे सव्वादोनशेच्या आसपास घरं, प्रत्येक घर दोन ठिपक्यांचं धरलं तरी साडेचारशेच्या घरात गेलं. बसत नाही. कोड ९३ बसेल पण तो कमी वापरला जातो आणि काही स्कॅनरमध्ये बंद करून ठेवलेला असतो, स्कॅनरच्या पुस्तिकेतला सेटिंगचा बारकोड वाचवून चालू करावा लागतो. कोड १२८ च तुमच्यासाठी योग्य आहे, तोच चालवून दाखवू.

निळीशाई:
सेल्फ टेस्ट काढली. कोड १२८ चा नमुना छापलाय खाली, छान काळाभोर, आणि स्कॅनरने वाचला पण! म्हणजे मशीनला येतं, मलाच येत नाही 😅

चिकटपट्टी:
बरं ताई, शब्द मागे घेतो. मग जीएस के, म्हणजे बारकोड छापायची कमांड, कुठल्या पद्धतीने पाठवताय ते बघा, तिचे दोन प्रकार आहेत आणि गोंधळ तिथेच होतो. जुन्या प्रकारात फॉरमॅटचा नंबर ० ते ६ आणि डेटा संपला की शेवटी शून्याचा बाईट द्यायचा. नव्यात नंबर ६५ पासून पुढे, शेवटी शून्य द्यायचं नाही, त्याऐवजी आधीच किती बाईट येणार ती संख्या सांगायची. कोड ९३ (७२) आणि कोड १२८ (७३) फक्त नव्या प्रकारात आहेत, जुन्यात नाहीतच. जुन्याची सवय असलेला माणूस ७३ देऊन लांबीचा बाईट विसरतो, मग प्रिंटर पहिल्या अक्षरालाच लांबी समजतो आणि पुढचं अर्धं बिल बारकोडच्या पोटात जातं. मी केलंय हे, सांगायला लाज कसली.

निळीशाई:
लांबी देतेय. {बी धरून १४. {बी सुरुवातीला लागतं (कोड १२८ चा बी हा अक्षरसंच निवडायला) हे मॅन्युअलमध्ये वाचलं होतं.

ठिपका२०३:
मला त्या ओ वरच्या रेघेत इंटरेस्ट आहे. ते अक्षर तुमच्या डेटात कुठेच नाही, मग आलं कुठून? एक करा, प्रिंटरला पाठवताय तेच बाईट फाइलमध्ये लिहा आणि हेक्समध्ये (सोळाच्या पद्धतीतले आकडे) उघडून इथे टाका. अंदाज बांधण्यापेक्षा बाईट बघावेत.

निळीशाई:
हे घ्या, बारकोडच्या आधीपासूनचे:
१डी ६८ सी२ ए२ १डी ६बी ४९ ०ई ७बी ४२ ५२ आणि पुढे ११ आकडे ३० ते ३९ मधले.
१डी ६८ ही उंचीची कमांड, मी उंची १६२ दिलीय, मॅन्युअलमध्ये डिफॉल्ट तीच होती म्हणून तीच लिहिली.

ठिपका२०३:
सापडलं. उंचीनंतर एकच बाईट हवा, तुमचे दोन जातायत. १६२ म्हणजे हेक्समध्ये ए२. मग त्याच्या आधी सी२ कुठून आलं? तुम्ही कमांड स्ट्रिंगमध्ये जोडताय आणि शेवटी ती स्ट्रिंग यूटीएफ-८ (अक्षरांचे बाईट करायची पद्धत) होऊन बाहेर पडतेय. १२७ पर्यंतचा आकडा यूटीएफ-८ मध्ये एकाच बाईटचा राहतो, १२८ पासून पुढे त्याचे दोन होतात. १६२ चे झाले सी२ आणि ए२. प्रिंटरने उंची घेतली सी२, म्हणजे १९४, आणि उरलेला ए२ त्याला छापायचं अक्षर वाटला. कोड पेज ४३७ मध्ये ए२ म्हणजे ओ वर तिरपी रेघ. तुमचा पाहुणा तो.

आता पट्ट्या का नाहीत, तर जीएस के ला एक अट आहे, ती मॅन्युअलच्या बारीक अक्षरांत असते आणि कोणी वाचत नाही. ओळीत आधी काही अक्षर येऊन थांबलेलं असेल तर बारकोड छापला जात नाही, पुढचा डेटा साधा मजकूर धरला जातो. तो एक ओ आधीच ओळीत येऊन बसला होता, म्हणून {बी पासून सगळं अक्षरांत छापलं गेलं. सॅम्पलवाला ईएएन चालला कारण सॅम्पलमध्ये उंची दिलेलीच नसणार, हो की नाही?

उपाय म्हणजे स्ट्रिंग नाही, बाईटचा अ‍ॅरे वापरा. उंची १०० केलीत तरी आज चालून जाईल, पण मूळ दोष तसाच राहील आणि उद्या दुसऱ्या कुठल्यातरी कमांडमध्ये १२७ च्या वरचा आकडा आला की पुन्हा हेच.

निळीशाई:
हो!! सॅम्पलमध्ये उंचीची ओळच नाहीये. म्हणजे डिफॉल्ट होती तीच व्हॅल्यू मी हौसेने परत लिहिली आणि त्यानेच घात केला. दोन दिवस गेले माझे.

निळीशाई:
बाईटचा अ‍ॅरे केला. ते अक्षर गेलं, मजकूर गेला, पण आता बारकोडच्या जागी काहीच नाही, कोरा कागद. आधी निदान नंबर तरी दिसत होता 😑

जुनंहेड:
प्रगती आहे ही, हसू नका. आता प्रिंटरला कमांड कळली पण बारकोड मावत नाहीये, आणि मावत नाही तेव्हा पुष्कळ प्रिंटर कापून छापत नाहीत, छापतच नाहीत, एरर पण देत नाहीत. हिशोब करा. कोड १२८ मध्ये प्रत्येक चिन्ह ११ घरांचं. सुरुवातीचं एक, तुमची १२, चेकचं एक, ही १४ चिन्हं म्हणजे १५४, आणि शेवटचं चिन्ह १३ घरांचं, एकूण १६७ घरं. एका घराची रुंदी जीएस डब्ल्यू कमांडने ठरते, २ ते ६ ठिपके, काही सांगितलं नाही तर ३. १६७ गुणिले ३ म्हणजे ५०१ ठिपके. तुमच्याकडे आहेत ३८४. ईएएन-१३ ची एकूण घरंच ९५ असतात म्हणून तो ३ च्या रुंदीत २८५ ठिपक्यांत आरामात बसला आणि तुम्हाला वाटलं रुंदीकडे बघायलाच नको.

जीएस के च्या आधी १डी ७७ ०२ पाठवा. ३३४ ठिपके होतील, बसेल.

निळीशाई:
बसला!!! पट्ट्या आल्या, स्कॅनरने वाचला. खाली नंबर पण हवा होता तो जीएस एच २ देऊन आला (कॅपिटल एच, स्मॉल एच उंचीचा, हे पण एकदा चुकवून झालं). फक्त स्कॅनर कधी पहिल्यांदा घेतो, कधी तीनचार वेळा फिरवावं लागतं. हे नॉर्मल आहे का?

जुनंहेड:
दोन ठिपक्यांचं घर म्हणजे पाव मिमी. नवं हेड, चांगला कागद असेल तर वाचतं, पण चुकीला जागा कमी. छपाई फार गडद ठेवली की उष्णता बाजूला पसरते, काळ्या पट्ट्या फुगतात आणि मधल्या पांढऱ्या फटी बुजतात, दोन ठिपक्यांच्या फटीत अर्धा ठिपका बुजला तरी स्कॅनर अडखळतो. माणसाला गडद छान दिसतं, स्कॅनरला नाही. डेन्सिटी एक पायरी कमी करून बघा.

दुसरं, हेडमधला एखादा ठिपका मेलेला असेल तर बिलावर वरपासून खालपर्यंत एक बारीक पांढरी रेघ जाते. मजकुरात ती खपून जाते. बारकोडमध्ये ती एकाच पट्टीला पूर्ण उंचीभर खाते, मग उंची कितीही वाढवा, फायदा नाही. तसं असेल तर हेड आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, कित्येकदा नुसता कचरा असतो. माझं हे टोपणनाव उगाच नाही.

ठिपका२०३:
ताई, तुमच्या नंबरात ११ आकडे आहेत, ते बी सेटमध्ये एकेक करून छापणं म्हणजे जागेची उधळपट्टी आहे. कोड १२८ चे तीन सेट, ए, बी आणि सी. सी मध्ये दोन आकडे मिळून एकच चिन्ह होतं. आर आणि पहिला आकडा बी मध्ये ठेवा, मग {सी देऊन उरलेले १० आकडे पाच चिन्हांत. घरं मोजा, सुरुवात ११, आर ११, एक आकडा ११, सी कडे वळायचं चिन्ह ११, पाच जोड्यांची ५५, चेक ११, शेवट १३, एकूण १२३. आता ३ ठिपके रुंदी घेतली तरी ३६९. तुमच्या ३८४ मध्ये बसलं! पट्टी दीडपट जाड झाली. दोन्ही बाजूंना कोरी जागा सोडावी लागते, निदान १० घरं म्हणजे इथे ३० ठिपके, पण कागदालाच छपाईच्या बाहेर दोन्हीकडे ५-५ मिमी म्हणजे ४०-४० ठिपके कोरं असतं, तेच कामाला येतं.

निळीशाई:
केलं, पण नंबर भलताच आला. २४ च्या जागी ५०५२. आणि रुंदी पण वाढली परत, ३ वर छापतच नाही.

ठिपका२०३:
हा हा, हे होणारच होतं, सांगायला विसरलो, सॉरी. सी मध्ये आकड्यांची अक्षरं पाठवायची नसतात. २ या अक्षराचा आस्की कोड (संगणकातला अक्षराचा नंबर) ५०, ४ चा ५२, प्रिंटरने त्या दोन जोड्या समजल्या. २४ साठी एकच बाईट पाठवा, ज्याची किंमतच २४ आहे, म्हणजे हेक्स १८. ०७ साठी ७, ०० साठी शून्य. शून्याचा बाईट मध्ये आला तरी घाबरू नका, लांबी आधीच सांगितलीय म्हणून प्रिंटर तिथे थांबत नाही, फक्त तुमच्या भाषेत स्ट्रिंग शून्यावर कापली जात नाही ना ते बघा. लांबी पण बदलेल. {बी चे २, आर आणि आकडा २, {सी चे २, जोड्या ५, एकूण ११.

एक मात्र खरं, काही नकली फर्मवेअर सी मध्ये अक्षरंच मागतात, उलटं. तुमच्याकडे ५०५२ आलं म्हणजे तुमचा प्रिंटर मूळ पद्धतीने वागतोय.

निळीशाई:
चालू झालं!! ३ च्या रुंदीत, पट्ट्या मस्त जाड, डेन्सिटी एक पायरी खाली, वीस बिलं लागोपाठ स्कॅन केली, वीसही पहिल्याच फटक्यात. तुम्हा तिघांचे आभार, चिकटपट्टी तुमचे पण.

चिकटपट्टी:
माझे कशाला, मी तर प्रिंटर फेकायला सांगत होतो 😄 पण मलाही जीएस के ची ती ओळीची अट माहीत नव्हती.

कोरापाट:
जुना धागा उकरतोय, माफ करा. बारकोडमध्ये मराठी अक्षरं घालता येतील का? गिऱ्हाईकाचं नाव घालायचं होतं.

ठिपका२०३:
एकपट्टी बारकोडात नाही. कोड १२८ चं नावच त्याच्या १२८ आस्की अक्षरांवरून आहे, त्यात देवनागरी नाही. क्यूआरमध्ये यूटीएफ-८ टाकून जमतं, पण देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाईटचं, काना-मात्रा-वेलांटी सगळी वेगळी मोजली जाते, त्यामुळे क्यूआर पटकन दाट होतो. आणि क्यूआरच्या जीएस ( के कमांडमध्ये लांबी देताना डेटाचे बाईट अधिक ३ द्यायचे, अक्षरं मोजायची नाहीत. ते ३ विसरले की क्यूआरची शेपूट कापली जाते आणि शेवटची अक्षरं बिलावर मजकूर म्हणून उमटतात. खरं सांगू का, नाव कशाला घालताय, बिल नंबर घाला आणि नाव सिस्टीममधून काढा. थर्मल कागद उन्हात, तेलकट हातात आणि प्लॅस्टिकच्या पाकिटात पुसट होतो, जितका दाट कोड तितका आधी मरतो.

कोरापाट:
बरोबर, नंबरच घालतो. माझा प्रिंटर ८० मिमीचा आहे, मग वरचा सी सेटचा खटाटोप मला लागेल का?

जुनंहेड:
८० वर छपाईची जागा ७२ मिमी, २०३ डीपीआय असेल तर ५७६ ठिपके. त्यात ताईंचा ५०१ वाला सरळ बी सेटमध्ये बसला असता. पण काही ८० चे प्रिंटर १८० डीपीआयचे असतात, त्यांना ५१२ च ठिपके मिळतात, आणि काहींत ५८ चा रोल घालून आत आडोसा लावलेला असतो. सेल्फ टेस्टची पट्टी काढा आणि बघा काय म्हणते.